लिपी बदलते तेव्हा

वर्धा जिल्ह्यात अल्लीपूर, हिंगणघाट, देवळी, आर्वी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर कधी कधी कागदांचे एखादे गाठोडे सापडते. वाटणीपत्र, कर्जरोखा, शेताचा करार, दुकानाची खतावणी असे काहीबाही त्यातून निघते. भाषा मराठी, नावे आपल्याच माणसांची, शेतेही आपल्याच शिवारातली. तरीही घरातल्या एकालाही त्यातली ओळ लागत नाही, कारण कागद मोडीत आहेत. तीन-चार पिढ्यांत आपण आपल्याच पणजोबांच्या अक्षराला पारखे झालो.

भाषा तीच राहते आणि लिपी बदलते, तेव्हा समाजाचे काय होते? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या मोडीत आहे. दुसरे आणि अधिक ठसठशीत उत्तर हिमालयापलीकडे, चीनच्या शिनजियांग प्रांतात बोलल्या जाणाऱ्या उइगुर भाषेत आहे. आणि लिपी बदलायचीच असेल तर ती कशी बदलावी, याचा विचार ज्या थोड्या ठिकाणी खोलवर झाला त्यांत आपला वर्धा जिल्हा आहे. या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे मोडीचे गाठोडे हा केवळ जुन्या कागदांचा प्रश्न नाही, हे ध्यानात येते.

पोथीला बालबोध, कारभाराला मोडी

मोडीचे श्रेय परंपरेने देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री पंडित, म्हणजे हेमाडपंत, यांना दिले जाते. मूळ काहीही असो, शिवकाळापासून पेशवाईपर्यंत महाराष्ट्राचा सारा कारभार या लिपीत चालला. मराठी माणसाकडे कित्येक शतके दोन लिप्या होत्या. पोथी, स्तोत्र, ग्रंथ बालबोधीत म्हणजे नागरीत लिहायचे. पत्र, सनद, हिशेब, महजर मोडीत लिहायचे. दोघींची कामे वाटलेली होती आणि त्यांच्यात भांडण नव्हते.

मोडीची सारी रचना वेगासाठी आहे. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता रेघेखाली अक्षरे गुंफत जाई. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हे द्यायची नाहीत. इकार आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळायचा नाही. नेहमीच्या शब्दांचे संक्षेप ठरलेले असत. ज्याला रोज शंभर कागद हातावेगळे करायचे आहेत, त्या कारकुनाला ही लिपी वरदान होती. वाचणाऱ्याला मात्र संदर्भ माहीत असावा लागे. शब्द कुठे तोडायचा हे डोळ्यांइतकेच व्यवहाराच्या ओळखीने कळे.

मग छपाई आली. बंगालमधल्या श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण नागरी खिळ्यांत छापले आणि १८१० साली मराठीचा कोश चक्क मोडी खिळ्यांत काढला. म्हणजे छापखान्याच्या पहिल्या दिवसांत मोडीलाही संधी मिळाली होती. पण मोडीचे बळ अक्षरे जोडण्यात आणि छपाईचे बळ सुटे खिळे जुळवण्यात. दोन्हींचा मेळ बसेना. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मोठा कोश निघाला तो नागरीत. शाळेची पुस्तके नागरीत, वर्तमानपत्रे नागरीत. मोडी हातच्या लिखाणापुरती उरली आणि टंकलेखन यंत्र कचेऱ्यांत आल्यावर तिथूनही मागे हटली. १९५०च्या सुमारास ती शाळांच्या अभ्यासक्रमातून निघाली.

मोडी लिहिली म्हणून कुणाला शिक्षा झाली नाही. ती शिकवणे तेवढे थांबले. आणि लिपी संपायला एवढे पुरते. शिकवणे थांबल्यापासून एका पिढीत लिहिणारे उरत नाहीत, दुसऱ्या पिढीत वाचणारे उरत नाहीत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड नागरीत आणले. तो डोंगराएवढ्या दफ्तराचा केवळ एक अंश होता. पुण्याच्या पुराभिलेखागारात, भारत इतिहास संशोधक मंडळात, थेट तंजावरच्या सरस्वती महालात मोडीचे रुमाल आजही वाचकाची वाट पाहत आहेत. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. त्या राज्याची आणि त्यानंतरच्या वऱ्हाड-नागपूरची खेड्यापाड्यांतली कितीतरी हकीकत अशाच कागदांत आहे.

अक्षर बदलले, साहित्य दिसेनासे झाले

विदर्भात याहूनही जुने उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र स्थान. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात संकलित केल्या, तो 'लीळाचरित्र' हा ग्रंथ मराठी गद्याचा आरंभीचा ठेवा. पण पुढे या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह, अशी ती रीत. ग्रंथांचे पावित्र्य जपावे, ते परक्या हाती पडू नयेत, हा हेतू. ग्रंथ खरोखरच जपले गेले. मात्र शतकानुशतके उरलेल्या महाराष्ट्राला ते असल्याचाही पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीतून या लिप्यांची किल्ली सर्वांच्या हाती आली आणि मराठी साहित्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. ज्ञानेश्वरीच्या आधीचे इतके सकस, बोलके मराठी गद्य आपल्याजवळ आहे, हे आपल्याला तेव्हा कळले. याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

एकच मराठी, आणि बालबोध, मोडी, सकळ अशा तीन वाटा. ही पार्श्वभूमी मनाशी ठेवून उइगुरांकडे पाहावे.

उइगुर: भाषा एक, लिप्या अनेक

उइगुर ही तुर्की कुळातली भाषा. उझबेक तिची सख्खी बहीण. बोलणारे एक कोटीच्या आसपास, बहुतेक शिनजियांगमध्ये. कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, तुर्कस्तान येथेही त्यांच्या वस्त्या आहेत. क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. नामाला लिंग नाही. शब्दाला एकामागून एक प्रत्यय लागत जातात आणि त्यांच्यातले स्वर मूळ शब्दाच्या स्वरांशी जुळवून घेतात. 'बाला' म्हणजे मूल. अनेकवचनाचा 'लार' लागला की मूळ शब्दातलाही एक स्वर बदलून 'बालिलार' होते. किताब, कलम, दुकान, बाजार, दोस्त हे शब्द थोड्याफार उच्चारभेदाने तिकडेही रोजच्या बोलण्यात आहेत. फारसी-अरबीतून ते जसे आपल्याकडे आले तसेच तिकडेही गेले.

उइगुर हे नाव प्रथम ज्या लोकांचे होते, त्यांची तुर्फानच्या परिसरातली जुनी भाषा आजच्या उइगुरची थेट आई नव्हे. दोघी एका कुळातल्या. पण लिप्यांची कहाणी तिथूनच सुरू होते. नवव्या शतकापासून तिथल्या बौद्ध, मानीपंथी आणि ख्रिस्ती लोकांनी विपुल लेखन केले. त्यांची मुख्य लिपी सोग्दी व्यापाऱ्यांच्या लिपीतून घेतलेली, म्हणजे मूळ अरामी वंशाची. ती वरून खाली लिहीत आणि ओळी डावीकडून उजवीकडे सरकत. त्याच काळातले त्या भाषेचे काही कागद ब्राह्मी लिपीतही सापडले आहेत. आपली नागरी ज्या ब्राह्मीतून आली तीच ब्राह्मी बौद्ध भिक्षूंच्या झोळीतून वाळवंट ओलांडून तिथे गेली आणि तुर्की शब्द लिहू लागली. बेशबालिकच्या सिंग्कू सेली तुतुंग या विद्वानाने ह्युएनत्संगाचे चरित्र चिनीतून या भाषेत आणले. हा तोच यात्रेकरू, जो सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला.

या उभ्या लिपीचा वंश पुढे मोठा झाला. चंगीझखानाने १२०४ साली ताता-तुंगा नावाच्या उइगुर लेखनिकाला पकडले आणि त्याच्याकडून आपल्या लोकांना अक्षरे शिकवून घेतली, असे परंपरा सांगते. मंगोलांची उभी लिपी त्यातून आली आणि १५९९ साली मांचूंनी मंगोलांवरून आपली लिपी बेतली. ज्या अक्षरांनी पुढे चीनच्या बादशाही दरबारात फर्माने लिहिली गेली, त्यांचे मूळ तुर्फानच्या वाळूत होते.

दरम्यान पश्चिमेकडच्या काशगरला इस्लाम आला आणि त्याच्यासोबत अरबी लिपी आली. १०७०च्या दशकात महमूद काशगरी यांनी बगदादेत बसून तुर्की बोलींचा मोठा कोश अरबीत रचला. त्याच सुमारास, १०६९-७० साली, युसूफ खास हाजिब यांनी काशगरला 'कुतद्गू बिलिग' हे राजनीतीवरचे दीर्घ काव्य पूर्ण केले. त्याची तीन जुनी हस्तलिखिते आज उरली आहेत. दोन अरबी लिपीत आहेत आणि एक, १४३९ साली हेरातला उतरवलेले, उइगुर लिपीत आहे. दोन्ही लिप्या जाणणारे लोक कित्येक शतके एकत्र नांदले, याचा हा पुरावा. आपल्या बालबोध-मोडीच्या नांदण्याशी याचे नाते लगेच जाणवते. पुढे उभी लिपी मागे पडत गेली आणि चगताई या साहित्यभाषेच्या रूपाने अरबी लिपी स्थिर झाली.

हुकुमाने आलेली अक्षरे

आतापर्यंतचे बदल शतकांच्या गतीने झाले. विसाव्या शतकात गती बदलली आणि ठरवणारेही बदलले. १९२६ साली बाकू येथे तुर्की भाषांची परिषद भरली आणि सोव्हिएत प्रदेशातल्या तुर्की भाषांना लॅटिन अक्षरे देण्याची लाट आली. तिकडच्या उइगुरांना लॅटिन लिपी मिळाली. ती रुजते न रुजते तोच १९४०च्या दशकात रशियन अक्षरे, म्हणजे सिरिलिक, आली. कझाकस्तानातले उइगुर आजही सिरिलिकमध्ये लिहितात.

चीनकडे अरबी लिपी चालू होती. १९५०च्या दशकात तिथेही सिरिलिकचा बेत झाला. पण मॉस्को-पेकिंगचे बिनसले आणि तो बेत सोडून देण्यात आला. मग चिनीसाठी केलेल्या लॅटिन पिनयिनच्या धर्तीवर उइगुरला नवी लॅटिन लिपी देण्यात आली. १९६०च्या दशकाच्या मध्यावर तिला मंजुरी मिळाली आणि १९७०च्या दशकात शाळांतून तीच शिकवली गेली. १९८२ साली निर्णय फिरला आणि सुधारलेली अरबी लिपी परत आणण्यात आली.

याचा अर्थ घरात पाहावा. आजोबा अरबी अक्षरे शिकलेले. मुलगा १९७०च्या दशकात शाळेत गेला, त्याला लॅटिन येते. नातू १९८२नंतर शाळेत गेला, त्याला पुन्हा अरबी शिकवली. कझाकस्तानातल्या अल्माटीतला चुलतभाऊ सिरिलिकमध्ये पत्र धाडतो. चौघे एका जागी बसले तर तासन्‌तास बोलतील. पण एकाने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येईल याची खात्री नाही. लॅटिन काळात शिकलेली पिढी प्रौढ वयात पुन्हा मुळाक्षरे गिरवायला लागली. आणि परत आलेली अरबी तरी जुनी होती का? तीही नव्हती. अरबी-फारसी पद्धतीत बरेच स्वर लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्याने ओळखायचे असतात. नव्या उइगुर लिपीत ३२ अक्षरे आहेत, त्यांतली ८ केवळ स्वरांसाठी. प्रत्येक स्वर लिहायचा आणि शब्द उच्चाराप्रमाणे लिहायचा, हा नियम. मुलांना शिकायला ही लिपी फार सोयीची आहे. पण या सुधारणेमुळे शंभर वर्षांपूर्वीचा चगताई दस्तऐवज त्याच लिपीच्या आजच्या वाचकाला सहजी लागत नाही. सुधारणा चांगली असली तरी तिची किंमत असते.

२००० नंतर संगणकासाठी उइगुरांच्या विद्वानांनी आणखी एक लॅटिन पद्धत बसवली; पण ती पूरक म्हणून, अरबीच्या जागी नव्हे. त्याच काळात शिनजियांगच्या शाळांत चिनी माध्यमाचा आग्रह वाढत गेला. म्हणजे प्रश्न लिपीचा उरला नाही, तो भाषेच्याच मुळाशी पोचला. ज्या समाजाच्या लिपीचे निर्णय वारंवार दुसरे कोणी घेते, त्या समाजाच्या भाषेचे निर्णयही आज ना उद्या दुसरेच घेऊ लागतात. उइगुरांच्या इतिहासाने शिकवलेला हा सगळ्यांत कडू धडा आहे.

वर्ध्याने वेगळा विचार केला

लिपी बदलावी असे आपल्याकडेही अनेकांना वाटत होते आणि त्यामागे खरी अडचण होती. नागरीला जोडाक्षरे, वेलांट्या, उकार धरून शेकडो खिळे लागत. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी खिळे कमी करण्याचा प्रयत्न केला होता. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरे नकोत, अ वरच मात्रा देऊन अि, अी, अु, अू लिहावे. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९३५ साली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन झाले. त्यानंतर काका कालेलकरांनी लिपिसुधारणेचे काम हाती घेतले आणि तेही याच बाराखडीचे पुरस्कर्ते झाले. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. तिच्या त्या काळच्या पुस्तकांत 'अिस', 'अुस' अशी रूपे छापलेली दिसतात. सातारच्या कालेलकर या मराठी माणसाने वर्ध्यात बसून साऱ्या देशाच्या लिपीचा विचार केला.

गांधीजींपुढचा प्रश्न याहून अवघड होता. हिंदुस्थानी भाषा नागरीत लिहावी की उर्दू लिपीत? त्यांचे उत्तर असे की दोन्ही लिप्या सर्वांनी शिकाव्यात. त्यासाठी १९४२ साली वर्ध्यातच हिंदुस्थानी प्रचार सभा निघाली. याच दोन लिप्यांच्या मुद्द्यावर मतभेद होऊन १९४५ साली ते हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. देशाने पुढे घटनेत नागरीतली हिंदी स्वीकारली आणि दोन लिप्यांचा विचार मागे पडला. 'अ'ची बाराखडीही टिकली नाही. १९५३ साली लखनौच्या परिषदेत ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे देण्याचे ठरले, तेही काही वर्षांतच मागे घ्यावे लागले. लोकांनी स्वीकारले नाही, म्हणून सुधारणा परत फिरली. उइगुरांना हा अधिकार मिळाला नाही आणि दोन्हीकडच्या कहाण्यांतला खरा फरक तो आहे.

या साऱ्या वादात सगळ्यांत शहाणी वाट पवनारच्या विनोबांची वाटते. विनोबा स्वतः अनेक लिप्या शिकले. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेच्या चार भाषांचा अभ्यास केला, कुराण मुळातून वाचायला अरबी आत्मसात केली. साऱ्या भारतीय भाषा नागरीतही लिहिल्या जाव्यात, म्हणजे एकमेकांच्या भाषा शिकणे सोपे होईल, असे ते सांगत. मात्र कुठल्याही भाषेने आपली लिपी सोडावी असे त्यांचे म्हणणे नव्हते. नागरी जोडीला यावी, जागा घ्यायला येऊ नये. त्यांच्या प्रेरणेने १९७५ साली नागरी लिपी परिषद स्थापन झाली.

विनोबांची ही कसोटी मोडीला लावून पाहा. छपाईसाठी नागरी घेतली हे योग्यच झाले. चूक झाली ती जोडीची लिपी शिकवणे बंद करण्यात. आठवीनववीच्या मुलाला वर्षभर आठवड्याला एक तास मोडी शिकवली असती तरी आज घरोघरची गाठोडी मुकी राहिली नसती.

आता काय करावे

आज मराठी पुन्हा दोन लिप्यांत वावरते आहे. फोनवर कितीतरी तरुण मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहितात. त्यात 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांचा भेद पुसला जातो, 'काळ' आणि 'काल' एकसारखे दिसू लागतात. सोय म्हणून रोमन वापरायला हरकत नाही. पण ज्या मुलाला नागरी केवळ परीक्षेपुरती येते, त्याच्या नातवंडांसमोर आजची आपली पुस्तके तशीच पडून राहतील, जसे आपल्यासमोर मोडीचे कागद पडले आहेत. आज प्रत्येक फोनवर नागरी कळफलक आहे. तो वापरणे हे अवघड काम नव्हे.

मोडीसाठीही वेळ गेलेली नाही. २०१४ साली मोडीला आणि २०२१ साली जुन्या उइगुर लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांच्या सामाईक अक्षरसंचात, स्थान मिळाले. दोन्हींचे प्रस्ताव अंशुमन पांडे या एकाच अभ्यासकाने तयार केले होते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावच्या जुन्या दफ्तरांतल्या मोडी नोंदी वाचायला माणसे शोधावी लागली आणि मोडी वाचणाऱ्याची किंमत सरकारलाही कळली. मोडीची मुळाक्षरे नागरी येणाऱ्याला थोड्या दिवसांत ओळखता येतात. सराव मात्र चिकाटीने करावा लागतो. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि अनेक इतिहास संस्था त्यासाठी वर्ग घेतात.

म्हणून अल्लीपूरच्या आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना एवढीच विनंती. घरात मोडीचे कागद असतील तर ते रद्दीत देऊ नका, जाळू नका, नदीत सोडू नका आणि जपण्याच्या नादात प्लास्टिकमध्ये चिकटवूनही टाकू नका. त्याने कागद कायमचा बिघडतो. स्वच्छ सुती कापडात बांधा, वाळवी आणि ओल यांपासून दूर ठेवा, प्रत्येक पानाचा नीट फोटो काढून ठेवा. आणि गावातल्या एखाद्या तरी मुलामुलीला मोडी शिकायला पाठवा. शाळेने, ग्रंथालयाने, ग्रामपंचायतीने त्याचा खर्च उचलावा. प्रत्येक मोठ्या गावात मोडी वाचणारी दोन माणसे असली पाहिजेत, आणि हे काम सरकारच्या हुकुमाची वाट न पाहता आपल्याला आजच सुरू करता येते.